सोनोग्राफीत नाबोथियन सिस्ट आली आहे, पिशवी काढावी लागेल का?

एवढ्यासाठी? मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय, वय 41, पाठ दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तर गर्भाशयाच्या मुखावर 8 मिलिमीटरची सिस्ट, म्हणजे स्राव साठलेली बारीक गाठ, निघाली. आता घरचे 'पिशवी काढून टाक' म्हणतायत, आणि पथ्य काय पाळावं तेही विचारलंय. घरचे म्हणजे नक्की कोण ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे मोठ्या जाऊबाई होत्या.

माझी सोनोग्राफी नौपाड्यात झाली, पाळी मागेपुढे होत होती म्हणून. रिपोर्टात 'मल्टिपल नाबोथियन सिस्ट्स'. नवऱ्याने 'सहज' म्हणून फोटो काढून जाऊबाईंना पाठवला आणि संध्याकाळपर्यंत ताईंनी घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात माझी अपॉइंटमेंट घेऊन ठेवली. तिथल्या सर्जननी तपासलंसुद्धा नाही. रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून करायचंय काय? उद्या कॅन्सर झाला तर?" बाहेर काउंटरवरच्या मुलीने मेडिक्लेमचं कार्ड मागितलं, पॅकेजचा कागद पुढे सरकवला, दोघींच्या खोलीच्या 'ट्विन शेअरिंग'वर आधीच पेनाने गोल केलेला. ताई शेजारून, "अगं, एकदाची कटकट मिटव. माझं बघ, किती बरं झालं!"

ताईंना ऑपरेशनची गरजच होती. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात गाठी होत्या, रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन 6 वर आलेलं. पण अंडाशयंही काढल्यापासून अंगाची लाही होते म्हणून त्या भर जानेवारीत पंखा पाचवर ठेवून झोपतात, हे मात्र कोणाला सांगत नाहीत. आणि बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांची बातमी 2019 मध्ये आली, तेव्हा ह्याच ताई टीव्हीसमोर बसून "बिचाऱ्या अडाणी" म्हणत हळहळत होत्या! आपण शिकलेल्या बायका एसी वेटिंग रूममध्ये बसून दुसरं काय करतो?

मी कार्ड पर्समध्येच ठेवलं आणि राम मारुती रोडजवळच्या एका जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आतून तपासलं, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची तपासणी) घेतला आणि रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या मुखाशी चिकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर किंवा सूज येऊन गेल्यावर वरची त्वचा नव्याने भरून येते, ग्रंथीचं तोंड बुजतं आणि स्राव आतच साठतो. दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पिवळट-पांढरे दाणे. मुलं झालेल्या बायकांमध्ये सर्रास सापडतात. ना औषध, ना पथ्य. त्यांचा कॅन्सर होत नाही. क्वचित एखादी फारच मोठी होऊन त्रास द्यायला लागली तर तेवढीच फोडून मोकळी करतात किंवा जाळतात.

ज्याच्यावरून ह्या सिस्टना नाव पडलं, त्या जर्मनीतल्या लायपझिगच्या डॉक्टर मार्टिन नाबोथला हे दाणे म्हणजे स्त्रीबीजं वाटली होती. पण ते साल होतं 1707. आमच्या सर्जनसाहेबांकडे कुठलं निमित्त?

आता हेही सांगते, मी डॉक्टर नाही. संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मधेच जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसलं असेल किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. आणि सिस्ट असो-नसो, दर तीन वर्षांनी पॅप किंवा पाच वर्षांनी एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) टेस्ट चुकवू नका. कॅन्सरच्या आधीचे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहणाऱ्याही चुकतात.

8 मिलिमीटरच्या सिस्टने पाठ दुखत नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधा. आणि रिपोर्ट नातेवाइकांना पाठवू नका. नवऱ्याने परस्पर पाठवला तर बोलणी त्याने खायची. आमचा अजून खातोय.