‘किल एम ऑल’ ऐकायचा कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, घरी आला की मेटालिकाचा ‘किल एम ऑल’ अल्बम लावून बसतो. मी लग्नाआधी पाच-सहा वर्षं गाणं शिकलेय, पण यात मला नुसती पळापळ ऐकू येते. नावही किती भयंकर! यात संगीत म्हणावं असं काही आहे का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आहे, आणि भरपूर आहे. आधी नावाचं सांगतो म्हणजे तुमची काळजी मिटेल. मेटालिका हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड, अल्बमला त्यातल्या पोरांनी आधी एक शिवराळ नाव दिलं होतं, ते दुकानात ठेवायला वितरक तयार होईनात, तेव्हा बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारा क्लिफ बर्टन त्या वितरकांवर चिडून जे बोलला तेच नाव झालं. बस, एवढंच.

आणि पोरंच होती हो ती. मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला रेकॉर्डिंग झालं तेव्हा गाणारा जेम्स हेटफिल्ड १९ वर्षांचा, ड्रमवाला लार्स उलरिक १९ चा, गिटारवाला कर्क हॅमेट २० चा आणि क्लिफ २१ चा, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी. ही सगळी ब्रिटिश हेवी मेटलवर वाढलेली, डायमंड हेड आणि मोटरहेड या बँड्सची पारायणं केलेली, त्यात पंकचा वेग मिसळला आणि जे तयार झालं त्या वेगवान मेटलला पुढे थ्रॅश म्हणायला लागले. जुलै १९८३ मध्ये हा अल्बम आला आणि नंतरच्या किती बँड्सनी इथून उचललंय याला गणती नाही.

आता पळापळीबद्दल. तुम्ही गाणाऱ्याकडे लक्ष देताय म्हणून तसं वाटतंय, आणि खरं सांगायचं तर या अल्बमात हेटफिल्डचा आवाज अजून कोवळा, किंचाळणारा आहे, तो पुढे पिकला. लक्ष द्यायचं त्याच्या उजव्या हाताकडे. तळहाताची कड गिटारच्या ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीपाशी, तारांवर हलकी टेकवायची, म्हणजे सूर लांबत नाही, दाबून तोडल्यासारखा ‘धग्-धग्’ येतो, आणि बऱ्याच ठिकाणी आघात फक्त वरून खालीच करायचे, परतीचा नाही. परतीचा आघात हलका पडतो ना, म्हणून. सगळे आघात खालीच केले की प्रत्येकाचं वजन सारखं येतं आणि वेग कितीही असो, बोल स्वच्छ राहतात. तुम्ही तबल्याच्या साथीला गायला असाल, रेला वाजताना प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं की नाही यावरच वाजवणाऱ्याची तयारी कळते, तसंच आहे हे.

एक प्रयोग करा. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ लावा, जवळपास सात मिनिटांचं आहे. सुरुवातीला मध्य लयीत आरामात चाललेलं गाणं मधे एकदम चढतं, दुगुन म्हणता येणार नाही पण चढतं, त्या अंगावर गिटारचा सोलो होतो आणि मग बरोब्बर जुन्या लयीवर परत उतरतं. ते उतरणं ऐका.

मग ‘द फोर हॉर्समेन’. हे मूळचं बँडचा आधीचा गिटारवाला डेव्ह मस्टेन याचं गाणं, त्याला रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये बँडमधून काढलं आणि एक्सोडस बँडमधून कर्कला आणलं. उरलेल्यांनी गाण्याचे शब्द बदलले, मधे एक संथ, सुरेल भाग घातला आणि ते सव्वासात मिनिटांचं केलं. मस्टेनने मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढून १९८५ मध्ये तेच गाणं ‘मेकॅनिक्स’ नावाने वाजवलं, तो संथ भाग नाही, लय कितीतरी चढी, साडेचार मिनिटांच्या आत संपवलं. एकच बंदिश दोन घराण्यांकडून ऐकावी तसं दोन्ही लागोपाठ ऐका, मुलाला शेजारी बसवून ऐका, त्यालाही तुमच्याकडून काहीतरी मिळेल. मला स्वतःला मधला संथ भाग असलेलंच जास्त आवडतं, कारण तो ओलांडून मूळ रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, परत येते तेव्हा ती दुप्पट जड वाटते.

प्रश्न : मी बेस वाजवतो. याच अल्बममधलं ‘अ‍ॅनेस्थेशिया’ खरंच बेसवर वाजवलंय? मित्र म्हणतात गिटार आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बेसच आहे मित्रा, शंभर टक्के. अगदी सुरुवातीला मागून आवाज येतो बघ, ‘बेस सोलो, टेक वन’. क्लिफ पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरायचा नाही, बोटांनी वाजवायचा, आणि बेसला डिस्टॉर्शन आणि वाह पेडल (आवाज खरखरीत करणारी आणि वळवणारी उपकरणं) लावलंय म्हणून तुझे मित्र फसले. पहिला मोठा भाग तो एकटाच वाजवतो, कॉर्ड्सचे, म्हणजे एरवी एकत्र वाजणारे, सूर सुटे सुटे करत, जुन्या युरोपियन शास्त्रीय संगीताची आठवण यावी असे, आणि मग उशिरा ड्रम्स येतात. हा माणूस बँडमध्ये हवा म्हणून बाकीच्यांनी लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोकडे मुक्काम हलवला होता, कारण तो लॉस एंजेलिसला जायला तयार नव्हता. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनला बँडच्या बसला अपघात झाला त्यात तो गेला, वय २४. हा तुकडा हेडफोन लावूनच ऐक, छोट्या स्पीकरवर खालचे सूर गायब होतात.

प्रश्न : गिटारवर नुसते वरून खाली आघात करून हात भरून येतो, काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : पिक घट्ट धरत असशील. सैल धर, तारेत फक्त टोक जाऊ दे, हालचाल मनगटातून आणि छोटी ठेव. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला शंभर ठोक्यांवर लाव, एका ठोक्याला दोन आघात, दोन मिनिटं सलग जमलं की मगच पाच-पाचने वाढव. भरून येणं वेगळं आणि दुखणं वेगळं, दुखलं तर त्या दिवशी गिटार ठेवून द्यायची. आणि याच अल्बममधल्या फार वेगवान ‘व्हिपलॅश’ला इतक्यात हात लावू नकोस, आधी ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ बसव.