डीएनए ते प्रथिन: सुरुवात इथून करा

सगळा धडा एकदम पाठ करायला जाऊ नका. आधी क्रम पक्का करा: डीएनएवरून एमआरएनए (डीएनएतल्या संदेशाची नक्कल) पेशीच्या केंद्रकात बनतो, प्रथिन मात्र बाहेर रायबोसोमवर (प्रथिनं बनवणारा पेशीतला कण). एमआरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचायचा; अशी तीन अक्षरं सहसा एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) सांगतात.

नवख्यांच्या हमखास चुका:
- एमआरएनएत डीएनएमधलं टी हे अक्षर लिहिणं. तिथे यू येतो.
- प्रत्येक उत्परिवर्तन (डीएनएच्या अक्षरांतला बदल) घातकच, असं धरून चालणं.

मग सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं उदाहरण स्वतः कागदावर सोडवा. एमआरएनएत जीएजीचं जीयूजी झालं, की बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनसाखळीच्या) सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. जीएजीचं जीएए झालं तर? ग्लुटामिक आम्लच राहतं! गडचिरोली, नंदुरबारमध्ये हा आजार आजही आहे, म्हणून हे उदाहरण नीटच समजून घ्या.

इन्ट्रॉन, स्प्लायसिंग हे एमआरएनएच्या काटछाटीचे मुद्दे तूर्त बाजूला ठेवा. अडलं तर बिनधास्त विचारा.