प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे लिव्हर वाढायचं थांबतं का?

तुमच्या भावाने वडिलांना लिव्हरचा उजवा भाग दिला, ऑपरेशनला सतरा दिवस झाले, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी लिव्हरची वाढही दाबली जाईल म्हणून त्या थोडे दिवस बंद ठेवाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. ठेवू नका, एक दिवससुद्धा नाही. गोळ्या थांबल्या की शरीर ते लिव्हर परकं समजून नाकारू शकतं. मग वाढ राहिली बाजूला, आहे तेच खराब होतं.

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी बाबांना माझ्या लिव्हरचा उजवा भाग दिला तेव्हा हीच धास्ती मलाही होती. एकाच लिव्हरचे दोन भाग आमच्या घरात वावरतात. माझ्या भागाला यातली एकही गोळी नव्हती, बाबांच्या भागाला सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन केला तर दोन्ही चांगले वाढलेले. काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेलाच मोठा होऊन कमतरता भरून काढतो. सगळ्यात जास्त वाढ पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते, म्हणजे नेमकी गोळ्या सर्वांत जास्त असताना.

याचं कारण असं की ‘दाबणं’ प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. टॅक्रोलिमस टी-पेशींमधलं (परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या पेशींमधलं) कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन अडवतं, त्यामुळे हल्ल्याचा निरोपच पुढे जात नाही. लिव्हरच्या पेशींना वाढायला सांगणारे निरोप वेगळ्या वाटेने येतात. अमेरिकेत पिट्सबर्गला लिव्हर ट्रान्सप्लांटचे सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या गटाने 1989 मध्ये उंदरांवर हे तपासलं, तेव्हा टॅक्रोलिमसने वाढ थांबली तर नाहीच, उलट तिला जोर मिळाला. माणसाचं गणित उंदरावरून मांडता येत नाही, पण मला त्या दिवसांत याने फार धीर आला.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच सिरोलिमस आणि एव्हरोलिमस या औषधांची गोष्ट वेगळी. ती एमटॉर नावाचं प्रथिन धरून ठेवतात आणि वाढायला ते लिव्हरच्या पेशीलाही लागतं. शिवाय त्यांनी जखम भरायला वेळ लागतो आणि सिरोलिमसमुळे लिव्हरच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून ऑपरेशननंतर लगेच ती देत नाहीत. एव्हरोलिमस द्यायचंच झालं तर साधारण महिन्यानंतर. स्टेरॉइडने प्राण्यांमध्ये वाढ थोडी लांबलेली दिसली आहे, पण त्याचा डोस तसाही हळूहळू उतरवत आणतात. तोही आपल्या मनाने उतरवायचा नाही.

तुमचं लक्ष खरं तर टॅक्रो लेव्हलवर, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या प्रमाणावर हवं. हे औषध लिव्हरच मोडतं, त्यामुळे सुरुवातीला लिव्हर लहान असताना ते रक्तात साचू शकतं आणि डोस सारखा बदलतो. आमच्याकडून एकदा चूक झाली. सकाळी नऊ वाजताची गोळी देऊन मग बाबांना तपासणीसाठी रक्त द्यायला नेलं आणि लेव्हल 19 आली. बाबांच्या हातातला चहाचा कप आधीपासूनच थरथरत होता, आणि या औषधाने हात थरथरू शकतात, त्यामुळे आम्ही घाबरून गेलो. दुसऱ्या दिवशी गोळीआधी रक्त दिलं तर 9. तेव्हापासून डबीवर चिकटपट्टी: ‘आधी रक्त, मग गोळी’. फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांनी लेव्हल चढते, रिफॅम्पिसिनने (टीबीवरचं औषध) पडते. दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं तरी आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा.

वाढ खरोखर अडते ती रक्तपुरवठा बिघडला, पित्तनलिका तुंबली, जंतुसंसर्ग झाला किंवा मिळालेला भाग रुग्णाच्या वजनाच्या मानाने फारच लहान असला तर. म्हणून पुढच्या भेटीत डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी) आणि बिलिरुबिनबद्दल (काविळीत वाढणारा पिवळा घटक) विचारा. ताप आला, डोळे पिवळे दिसले तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी जा.

आणि भावाचीही विचारपूस करा. घरात सगळे वडिलांच्या पलंगाभोवती असतात, तेव्हा पोट धरून एकटं उठणारा तोच असतो.