वडिलांना जांघेत हर्निया आहे, पण दुखत नाही. ऑपरेशन करायलाच हवं का, की पट्ट्यावर भागेल?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: बाबा साठीचे, शेती करणारे. उजव्या जांघेतली गाठ उभं राहिलं की दिसते आणि आडवं झालं की आत जाते. सर्जन ऑपरेशन सांगतात, चुलते गाठ दाबून धरायचा पट्टा आणून देतात आणि बाबांनी आत बसवायच्या जाळीची धास्ती घेतली आहे. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून झाली. रुग्णाला तपासून निर्णय सर्जनच देतील, पण या तिन्ही गोष्टींवर मला बोलायचंय.

आपल्याकडे ज्याला अंतर्गळ म्हणतात तो हाच आजार. टायर फाटलं की आतली ट्यूब बाहेर डोकावते, तसं पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. मुलगा पोटात असताना वृषण जांघेतल्या वाटेनं खाली उतरतात आणि ती जागा जन्मभर थोडी कमकुवत राहते. म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त. साधारण चार पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो. बाबांनी पोती उचलली म्हणूनच झालं, असं मनाला लावून घेऊ नका. जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर यांनीही त्या जागेवर ताण येतो. यातलं काही असेल तर सर्जनना आधीच सांगा. तो त्रास तसाच ठेवून ऑपरेशन केलं तर दुरुस्त केलेल्या जागेवर पुन्हा तोच ताण येणार.

पट्ट्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. पट्ट्यानं भोक बुजत नाही. गोळी, काढा, लेप यांनीही बुजत नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णाला डॉक्टर कधी पट्टा सुचवतात, पण तोही गाठ पूर्ण आत गेल्यावर, आडवं असतानाच बांधायचा. मी जे पाहिलं ते उलटंच. एक आजोबा रात्री आले. गाठ सकाळपासून आत गेली नव्हती आणि त्यांनी त्यावरच पट्टा करकचून आवळला होता. सोडला तेव्हा खालची कातडी लालभडक, गाठ दगडासारखी कडक, हात लावू देईनात. आत अडकलेल्या आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापून काढावा लागला. वेळेवर केलं असतं तर तासाभराचं काम होतं.

म्हणून ही लक्षणं घरात सगळ्यांना माहीत असू द्या: गाठ आत जायची थांबली, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, शौचाला होत नाही. असं झालं तर ती जोरानं आत ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका, शेक देत बसू नका. थेट ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते मरायला लागतं.

पण घाबरून उद्याच ऑपरेशन करावं असंही नाही. अमेरिकेत 720 पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. सगळे तुमच्या बाबांसारखेच, फारसा त्रास नसलेले. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यात गाठ अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनाहूनही कमी निघालं. मात्र पुढे दहा वर्षांत त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांनी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे ऑपरेशन बहुधा टळत नाही, पण तारीख तुम्हाला निवडता येते. आणि पंचाहत्तरीत, शुगर-बीपी सांभाळत करण्यापेक्षा आता धडधाकट असताना केलेलं मला बरं वाटतं.

बायकांचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्यात जांघेच्या जरा खालच्या बाजूला येणारी गाठ अडकण्याची भीती बरीच जास्त असते, तिथे वाट पाहू नये. तान्ह्या बाळाच्या जांघेतल्या गाठीचंही तसंच. बाळाची बेंबी फुगलेली असेल तर बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत ती बहुधा आपोआप बसते, वर नाणं बांधायची गरज नाही.

आता जाळी. ती पॉलिप्रोपिलिन नावाच्या धाग्याची असते. कच्च्या जागेवर ती बसवली की शरीराच्या पेशी तिच्यात वाढतात आणि भिंत भक्कम होते. नुसते टाके घालून कडा ओढून शिवण्यापेक्षा हर्निया परत येण्याचं प्रमाण यात कमी आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी गरीब रुग्णांना महाग जाळी परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि ते काम 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे युगांडात 302 पुरुषांवर तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्हींत म्हणावा असा फरक दिसला नाही (2016). खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी शोधलेली वाट जगात तपासली गेली, याचा मला फार अभिमान आहे.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. दहातल्या एखाद्याला पुढे बरेच महिने जांघेत ओढल्यासारखं दुखतं, बहुतेकांचं सौम्य असतं. क्वचित जाळीला जंतुसंसर्ग होतो. बाबांना जाळी नकोच असेल तर पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची स्वतःच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरायची पद्धत आहे, पण ती नेहमी करणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्या. दुर्बिणीतून की चीर देऊन, यावर फार डोकं शिणवू नका. एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर ज्या पद्धतीत तुमच्या सर्जनचा हात बसलाय ती चांगली. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आधीच विचारा.

ऑपरेशननंतर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. अंडकोष सुजून निळसर दिसला तर बाबा घाबरतील, पण ते बऱ्याचदा होतं आणि उतरतं. ताप आला, जखमेतून पू आला किंवा लघवी अडली तर मात्र लगेच दाखवा. चालणं-फिरणं पहिल्या दिवसापासून. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. म्हणून रब्बीचं पीक घरात आलं की मार्च-एप्रिलमध्ये तारीख घ्या. मृगाच्या पेरणीपर्यंत बाबा मोकळे होतील, फक्त त्या हंगामात खताची पोती उचलायला दुसरं कुणीतरी ठेवा.