लहान मुलांमधले मेंदूचे आजार बहुतेक अनुवंशिकच असतात का? जगात त्यांचं प्रमाण खरंच एवढं मोठं आहे?

प्रमाण मोठं आहे. २०२१ सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे ३४० कोटी लोकांना मज्जासंस्थेचा कुठला ना कुठला विकार होता. त्यापायी निरोगी आयुष्याची जी वर्षं वाया गेली, त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे ८ कोटी वर्षं, लहान मुलांच्या विकारांची होती.

बहुतेक अनुवंशिक, हे मात्र खरं नाही. मी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्या मुलांना फिजिओथेरपी देते. आया सांगतात, "जन्मल्यावर रडलंच नाही, मग काचेत ठेवलं होतं." तरी घरात पहिला संशय आईच्या माहेरावर जातो, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं. पाच वर्षांखालच्या मुलांत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने. त्या पहिल्या मिनिटात बाळाला कोरडं करून, पाठ चोळून, तरीही श्वास नाही घेतला तर मास्क आणि अँबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) हवा देणारं माणूस खोलीत हवं. टांझानियात प्रसूती करणाऱ्यांना एवढंच शिकवलं, तर पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

दुसरं मोठं कारण मेंदूज्वर (मेनिंजायटिस). त्यातून वाचलेल्या मुलांनाही बहिरेपण येतं, फिट येऊ लागतात. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी यायच्या. त्यावरची लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. २०१० साली बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही रुग्ण सिद्ध झालेला नाही. मला याचा फार अभिमान वाटतो.

मणक्याचे जन्मजात दोषही फॉलिक ॲसिडने बरेच टळतात, पण गोळी दिवस राहण्याआधीपासून हवी. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच बंद होते.

तुमच्या घरात लहान बाळ असेल आणि चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा ते एकच हात वापरत असेल, तर "मुलगे उशिराच शिकतात" म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची (लहान मुलांमधले विकार लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची) चौकशी करा, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. पहिल्या दोन वर्षांत मेंदू जितकं शिकतो तितकं पुढे शिकवणं फार जड जातं.