शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णावर लक्ष ठेवणारं यंत्र बनवायचंय, कोणत्या सेन्सरपासून सुरुवात करू?
श्वासापासून. बहुतेक जण आधी बोटाला ऑक्सिमीटर लावतात, पण रुग्णाला ऑक्सिजन सुरू असेल तर तो आकडा बराच वेळ फसवतो. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, तरी पडद्यावर ९७-९८ टक्केच दिसत राहतात. प्रौढांचा नेहमीचा वेग मिनिटाला १२ ते २०. तो ८-१० वर आला की यंत्राने ओरडलं पाहिजे. नाकाशी कॅप्नोग्राफीची, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी, नळी जास्त खात्रीची, पण वैतागलेले रुग्ण ती काढून टाकतात. छातीचा पट्टा त्यांना सोसतो. मात्र घसा बंद झाला तरी छाती हलत राहते, आणि पट्टा त्यालाच श्वास समजतो. अलार्म मोजकेच ठेवा. कूस बदलली की वाजणारं यंत्र नर्स म्यूट करणारच, आणि त्यात तिची चूक नाही.