आईच्या दुधातच प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात, मग दूध आतल्या आत पचून का जात नाही?

थोडं पचतंच! प्लाझ्मिनसारखे एन्झाइम दूध स्तनात असतानाच बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाचे तुकडे पाडायला लागतात; बाळाच्या तोंडी जाण्याआधीच त्यात शेकडो पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) तयार असतात. पण सरसकट कापाकापी होत नाही. एक तर प्लाझ्मिन बहुतांशी प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय रूपात असतं. शिवाय अल्फा-१-अँटिट्रिप्सिन, अँटिकायमोट्रिप्सिन असे लगाम घालणारे अवरोधकही त्याच दुधात असतात. आणि केसीनची रचना सैल, म्हणून आधी तेच कापलं जातं. लॅक्टोफेरिन (एक प्रथिन) आणि आयजीए (एक अँटिबॉडी) घट्ट घडीचे, ते बऱ्यापैकी शाबूत राहतात. जंतूंशी लढायला बाळाला हवे असतात तेही हेच. अल्फा-१-अँटिट्रिप्सिन तर इतकं चिवट, की अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्येसुद्धा सापडतं.